पुस्तकात नसलेला पूर

रविवारची पहिली एसटी यवतमाळहून पेपरांचे गठ्ठे घेऊन राळेगावच्या स्टँडवर यायची, तेव्हा रुपाली तिथं आधीच उभी असायची. पेपर घरीही यायचा, तासाभरानं. पण तो तास तिच्यानं निघत नसे. चुलीवरच्या दुधासारखा तिचा जीव वर यायचा, खाली जायचा, पुन्हा वर यायचा.

"लेख तूनंच लिहिला ना?" नवरा इंद्रजित दर रविवारी विचारायचा. "मंग त्याच्यात नवीन काय निघनार हाये?"

"छापल्यावर बदलते ते."

"लग्नाचा फोटोही बदलते. म्हनून कोनी फोटोवाल्याच्या दारात उभं राहते का?"

स्टँडसमोर दोघांचं एकच शटर होतं. डाव्या अंगाला तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, उजव्या अंगाला त्याची मोबाइल दुरुस्ती. डाव्या अंगाच्या काउंटरवर सातबारे, आधार कार्डं, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि त्या ढिगाखाली कायम एक उघडं पालथं पुस्तक. नवी कादंबरी, नाहीतर नवं आत्मकथन. गिऱ्हाईक अंगठा लावेपर्यंत रुपालीचं अर्धं पान होऊन जाई. त्यातूनच तिचं ते रविवारच्या पुरवणीतलं सदर उभं राहिलं होतं. "नवं कोरं" नाव होतं त्याचं. मानधन चहापाण्यापुरतं, पण वाचक पार पुसदपासून केळापूरपर्यंत. रुपालीनं चांगलं म्हटलं की लोक डोळे मिटून पुस्तक मागवायचे.

कारण ती भीडभाड ठेवत नसे. एकदा एका गाजलेल्या कादंबरीवर तिनं लिहिलं होतं : "शहरातून आलेल्या कादंबरीत आमच्या जिल्ह्याचा माणूस पन्नासाव्या पानाच्या आत मेलाच पाहिजे, असा काही नियम आहे का? इथली माणसं जगतातही. भांडतात, जावयाला नावं ठेवतात, सासू उठायच्या आधी गुपचूप चहा पिऊन घेतात. लेखकमहाशयांनी एकदा त्या चहाला यावं." तो लेख लोकांनी कापून ठेवला होता.

आणि तिचा एक नेम होता. शेवटचं पान वाचल्याशिवाय लेखाचं पहिलं वाक्य लिहायचं नाही. आणि पुस्तकात जे नाही, ते पुस्तकाच्या अंगावर टाकायचं नाही. लेखकाशी ओळख असो नसो, नेम तोच.

त्या रविवारचा लेख मात्र ओळखीच्या माणसाच्या पुस्तकावर होता. नुसती ओळख कुठली, ज्या ओट्यावर तिचं बालपण गेलं, तो ओटाच त्या बाईचा. कांताबाई. उपकेंद्रातली नर्स. उभी नोकरी तिनं पायी, बैलगाडीनं आणि पुढं सायकलनं केली. आता सत्तरीला टेकली होती. नागपूरच्या एका लहानशा प्रकाशकानं तिचं आत्मकथन काढलं होतं, 'टाच आणि पायवाट'. रुपालीनं ते फॉर्मांच्या धामधुमीत वाचलं, भारावून वाचलं आणि एका बैठकीत लेख लिहून पाठवला.

पेपर हातात आला. चौथ्या पानावर, वरच्या बाजूला. तिनं उभ्या उभ्याच तो परिच्छेद वाचला, ज्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव होता :

"पुलाविना अडलेला नाला, काठावर थांबलेली बैलगाडी, गाडीत कोलामांच्या पोडावरची पहिलटकरीण आणि तिच्या कळांच्या तालावर ओव्या म्हणणारी तरुण नर्स. पुराच्या आवाजावर मात करणारं त्या बाळाचं पहिलं रडणं हा या पुस्तकाचा प्राण आहे. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही."

छान उतरलंय, तिला वाटलं. मग पेपर घडी करून तिनं शटर वर केलं.

चहा निवायच्या आत फोन आला. पुसदहून देवीलालकाका. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, तांड्यावर वाढलेले आणि तिच्या सदरातलं प्रत्येक पुस्तक विकत घेणारे एकमेव गृहस्थ. हे पुस्तक तर त्यांनी यवतमाळच्या प्रकाशनालाच जाऊन घेतलं होतं.

"रुपालीताई, लेख वाचला. याडीची, म्हनजे मायची, आठवण आली. आमची याडीपन असंच गायची. पन एक सांगा, तो नाल्याचा प्रसंग कोनत्या पानावर हाये?"

"मधात आहे ना काका. ती राळेगावकडं बदलून येते, त्याच्या पुढं."

"तेच दोनदा पाह्यलं."

"निसटलं असन तुमच्या हातून."

"ताई, मी चाळीस वर्सं बिलं तपासली. माह्या हातून कागद निसटत नाही. बायको निसटून माहेरी गेलती, पन कागद नाही."

ती हसली. "थांबा, पाहून सांगते," म्हणाली.

ढिगाखालून पुस्तक काढलं. बदलीचं प्रकरण उघडलं. खोलीचं गळकं छप्पर होतं, लशींचा डबा होता, गावच्या पाटलाचं कुत्रं होतं. पान उलटलं. पोडावरची, कोलामांच्या वस्तीवरची, पहिली फेरी होती. पुढचं पान. मग एक वाक्य, परिच्छेदाच्या शेवटी, सुटं : "त्या पावसाळ्यात रस्ते बंद होते." त्यापुढं थेट हिवाळा आणि देवीची लस.

ती मागं गेली, पुढं आली. पुस्तक सुरुवातीपासून चाळलं, मग शेवटाकडून. नाला नव्हता. गाडी नव्हती. बाळ नव्हतं.

"मॅडम, उत्पन्नाच्या दाखल्याचं..." समोर एक बाई उभी होती.

"आज साइट बंद आहे," रुपाली म्हणाली. साइट चालू होती. बंद काही झालं असेल, तर तिच्या छातीत.

मग हे आलं कुठून? तिनं डोळे मिटले आणि तिला शब्द दिसले नाहीत, ऐकू आले.

तिची माय पहाटेच कापूस वेचायला जायची, परक्याच्या शेतात. जाताना पोरीला वस्तीच्या टोकाला, नर्सबाईच्या ओट्यावर सोडून जायची. दुपारी फेरीवरून आली की कांताबाई रुपालीला पायांत घ्यायची, केसांत तेल ओतायची आणि विंचरता विंचरता सांगायची. सांगणं म्हणजे काय! बोलता बोलता गाणं व्हायचं, गाता गाता पुन्हा बोलणं. एकच अट होती. ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं. "हूं" थांबलं की गोष्ट थांबली.

"मंग आभाळ फुटलं."

"हूं."

"अन् नाला असा आला, असा आला, का बैलानं पाय टाकला तं पायच दिसे ना."

"हूं."

"गाडीत रुपीबाई. पहिलीच खेप. माय तिची दूर, पोडावरचे बाप्ये काठावर. मी तिचा हात धरला अन् म्हतलं, रड नोको, मी म्हनतो तसं म्हन." आणि कांताबाईचा आवाज खाली यायचा, जात्याच्या पाळीसारखा गोल फिरायला लागायचा :

*नाल्याले आला पूर, बैल थांबले काठाशी*
*माय माही दूर देशी, नर्सबाई माह्या पाठीशी*

*पानी सांगते पान्याले, जरा हळू जाय बाई*
*काठावरल्या गाडीमंधी जन्मा येऊन राह्यली आई*

मग फणी थांबायची. मग रुपाली श्वास धरून विचारायची, "रडलं का मावशे?" आणि कांताबाई म्हणायची :

*पहिलं रडू बाळाचं, पूर आयकत राह्यला*
*वाट देऊन गाडीले, बाजूबाजूनं वाह्यला*

किती वेळा ऐकलं असेल! तापात ऐकलं, दात पडला तेव्हा ऐकलं. शाळेतून रडत आली, तेव्हाही ऐकलं. आणि आता चाळिशीत, फॉर्मांच्या गर्दीत कांताबाईचं पुस्तक वाचताना ते आपोआप त्या ओळीनंतर येऊन बसलं. कानानं वाचलं. डोळे नुसते बरोबर होते.

"दोन ओळीचं चूकभूल टाक," इंद्रजित म्हणाला. तो एका फोनची काच उचकटत होता. "पेपरात रोज छापून येते. अमक्याचा फोटो तमक्याच्या खाली. कोनी मरते का?"

"मी पुस्तकात नसलेलं पुस्तकाच्या अंगावर टाकलं, इंदर."

"चांगलंच टाकलं ना? वाईट थोडीच टाकलं."

त्याला सांगून उपयोग नव्हता. तिनं कांताबाईला फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. शटरच्या आत तीन पावलं, बाहेर तीन पावलं. आणि मग या येरझाऱ्यांतच तिला एकदम उमगलं, किंवा उमगल्यासारखं वाटलं. संपादक! नागपूरच्या त्या माणसानं कात्री लावली असणार. म्हणूनच पुस्तकाची भाषा अशी इस्त्री केलेली होती. कुठं मले नाही, तुले नाही, ओवी तर औषधालाही नाही. ज्या बाईच्या जिभेवर जातं फिरायचं, तिच्या पुस्तकात नुसतं पीठ, तेही पाकीटबंद. वाचतानाच हे टोचलं होतं. पण मायेपोटी लिहिलं नव्हतं. आता लिहीन, ती मनाशी म्हणाली.

राग आला की माणसाला जरा बरं वाटतं. चूक दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसते.

दुपारच्या पांढरकवडा गाडीत ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, वेचणीवाल्या बाया ओळीत वाकल्या होत्या, तुरी फुलून शेंगांवर आल्या होत्या. तिला यातलं काही धड दिसत नव्हतं. ती मनात पुढच्या रविवारचा लेख लिहीत होती. "एका आत्मकथनाची शस्त्रक्रिया". नको, "कात्रीत सापडलेली ओवी". गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर तिला उतरून गाडी ढकलावीशी वाटत होती.

कांताबाई आता केळापूरला राहायची, लेकाकडं. लेक धम्मरत्न पांढरकवड्याला नोकरीला. तो घरी नव्हता. अंगणात उन्हात कांताबाई बसली होती, समोर तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. आणि तिची सून दीपा दारातूनच म्हणाली, "बरं झालं आल्या ताई. आत्याबाई सकाळपासून सोलून राह्यल्या. दाने टरफलात टाकतात अन् टरफलं गंजात. आज सोल्याची भाजी नाही, गुरायचं वैरन होते."

कांताबाईनं मान वर केली नाही. "आली? मले माहीत होतं येशीन."

"फोन काहून नाही उचलला मावशे?"

"हात भरलेले व्हते."

रुपाली समोर टेकली, तिनंही मूठभर शेंगा ओढल्या. घडीचा पेपर कांताबाईच्या मांडीखालून डोकावत होता.

"मले सांग," रुपाली म्हणाली, "कोनं काहाडला तो नाल्याचा प्रसंग? त्या संपादकानंच ना? नाव सांग फक्त तू. पुढच्या इतवारी असा सोलतो त्याले, का..."

"काहाडाले आधी लिहा लागते."

"म्हनजे?"

"मी लिहिलाच नाही तो. संपादक बिचारा तं म्हनत व्हता, बाई, पावसाळ्याचं आनखी काही असन तं द्या. पानं कमी पडून राह्यली."

रुपालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. वाटभर पोसलेला राग असा एका वाक्यात निराधार झाला. "मंग काहून नाही लिहिलं? तुह्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तोच तं प्रसंग व्हता!"

कांताबाईनं सूप बाजूला सारलं. हात पदराला पुसले, एकेक बोट करून. मग म्हणाली, "रडलं नाही ते."

दीपा चहा ठेवून आत निघून गेली.

"गाडीतच झालं. दुपारचं, उजेड व्हता, मले सगळं दिसत व्हतं. पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकलं, पायाले धरून उलटं केलं. नाळ गळ्याभोवती व्हती अन् नाला वाट देत नव्हता. मी गात राह्यली, पोरी. रुपीबाईले कळू नये म्हनून गात राह्यली. तिले वाटलं, गाते म्हनजे चांगलंच असन."

रुपालीच्या तोंडून फक्त "हूं" निघालं.

"हेच," कांताबाई म्हणाली. "हेच तुहं हूं. तू पाच-सहा वर्सांची व्हती. मी गोष्ट सुरू केली. मले फक्त पूर सांगायचा व्हता, बैल सांगायचे व्हते. तू हूं देत गेली, मी सांगत गेली. अन् ऐन जाग्यावर आली तं तू इचारलं, रडलं का मावशे? तुही माय उन्हात वेचनीले. तू माह्या मांडीवर. तुले मेलेलं लेकरू देऊ का मी? म्हतलं, रडलं. तू अशी हासली. दुसऱ्या दिवशी म्हने पुन्हा सांग. दर डाव ते लेकरू जास्तच जोरात रडे. सांगता सांगता मलेही आयकू याले लागलं."

"अन् पुस्तक?"

"पुस्तकाले तीनदा बसली. मेलं म्हनून लिहाव, तं तुह्या ओट्यावरचं ते जित्तं लेकरू मी आपल्या हातानं मारनार. जगलं म्हनून लिहाव, तं विहारात चौथं शील म्हनताना जीभ कशी उचलन माही? खोटं बोलनार नाही म्हनतो ना आपन रोज, हात जोडून? मंग एकच वाक्य लिहिलं. रस्ते बंद होते." तिनं मांडीवरचं एक टरफल झटकलं. "रस्ते बंदच व्हते ना माय. ते खरं व्हतं."

रुपालीनं मान खाली घातली. त्या वाक्यावरून ती किती सहज पुढं गेली होती! नुसतं सुटं वाक्य, कच्चा लेखक असतो त्याचं. असंच तिला वाटलं होतं.

"साऱ्या पुस्तकात एक खोटं नाही," कांताबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज धारेला लागला. "पहिल्या पानावर लिहिलं मी, जे झालं तेच सांगीन. अन् तू एका इतवारी तेच घातलं, जे मी नाही घातलं. तेबी म्हने पुस्तकाचा प्रान!"

"चुकलं मावशे."

"चुकलं तं चुकलं. पुढचं आयक. तुह्या लेखाचा फोटो सकाळीच मोबाइलवर फिरला. पोडावर गेला. रुपीबाई आहे अजून. तिची नात हाये सलोनी, यवतमाळले नर्सिंगले, सुट्टीत आलेली. तिनं आजीले वाचून दाखवला."

रुपालीनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "काय म्हतलं रुपीबाईनं?"

"मले सलोनीचा फोन आला. आजी म्हने चुलीपाशी बसून आयकत व्हती. आयकून झालं तं म्हने, पुन्यांदा वाच. पोरीनं वाचलं. आनखी एक डाव म्हने. मंग पदर खोचला अन् वेचनीले निघून गेली. बोलली काही नाही." कांताबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. "आता तूच सांग, याचा काय अर्थ लावू? तुले पुस्तकाचे अर्थ लागतात ना?"

रुपालीला नाही लागला. ती बाई हसली असेल की आतून चिरली असेल? तीनदा ऐकलं, ते बाळासाठी की पेपर खोटं बोलतो याची खात्री करायला?

"मी पुढच्या इतवारी लिहितो," ती घाईनं म्हणाली. "चुकलं म्हनून. सरळ."

"काय लिवशीन? का रडलं नाही म्हनून? पेपरात मारशीन त्याले, रुपीबाईच्या देखत?"

"मंग नाही लिहीत."

"अन् माहं पुस्तक? त्याच्या अंगावर राहू देशीन ते?"

"मंग काय करू मी?"

कांताबाईनं पुन्हा शेंग उचलली. "मले पुसू नोको. मले एवढ्या वर्सांत नाही सुचलं."

परतीच्या गाडीत रुपालीला बसायला जागा होती, तरी ती दांडा धरून उभीच राहिली. डोक्यात वाक्यं येत होती आणि प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी अंगावर पडत होतं. एक लिहावं तर रुपीबाई, दुसरं लिहावं तर कांताबाई. गप्प बसावं तर देवीलालकाका, आणि त्यांच्यासारखे सगळे, जे तिच्या शब्दावर पुस्तक हातात घेत होते. एका छोट्याशा सदराला इतकी माणसं लोंबकळत असतील, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात तिच्या हातून एक फॉर्म धड भरला गेला नाही. एका पोरीच्या जन्मतारखेच्या जागी तिनं पुढच्या वर्षाची तारीख टाकली. "जन्माले यायच्या आधीच स्कॉलरशिप भेटते का मॅडम?" त्या पोरीच्या बापानं विचारलं. नवी कादंबरी कुरिअरनं आली, तिनं पाकीट फोडलं नाही. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, तरी इंद्रजित काही बोलला नाही. तेव्हा तिला कळलं की तोही काळजीत आहे.

"पुरवणीवाल्याले फोन केला का?" त्यानं विचारलं.

"केला. तो म्हनते, कशाले ताई, कोनी इचारत नाही."

"मंग?"

"एकानं इचारलं ना."

शुक्रवारी, लेख पाठवायच्या शेवटच्या दिवशी, गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना तिनं पुस्तक पुन्हा उघडलं. त्या पानावर बोट ठेवलं. त्या पावसाळ्यात रस्ते बंद होते. एकदा वाचलं. मग ओठ हलवून वाचलं. ओवीसारखं, थांबत थांबत. आणि या खेपेला त्या पाच शब्दांत तिला पाणी दिसलं. बैलांचे थांबलेले पाय दिसले. गाडीत वाकलेली एक तरुण बाई दिसली, जी गायचं थांबवत नव्हती. सगळं होतं की तिथं! ते लिहिलं नव्हतं, पण बाईनं त्याच्यावर आपला हात ठेवला होता, अलगद, झाकणासारखा. तो हात उचलायचा अधिकार वाचणाऱ्याला नव्हता.

"मॅडम, माहा नंबर कवा येईन?"

"पाच मिनिटं," रुपाली म्हणाली आणि उभ्या उभ्याच टाइप केलं.

रविवारी ती स्टँडवर गेली नाही. पेपर घरी येईपर्यंत अंगणात झाडत राहिली, झाडलेलंच पुन्हा झाडत राहिली. सदराच्या वर चौकट होती :

"मागच्या रविवारी मी ज्या प्रसंगाला 'टाच आणि पायवाट'चा प्राण म्हटलं, तो प्रसंग त्या पुस्तकात नाही. लेखिकेनं तो लिहिलेला नाही. तो मी लहानपणी ऐकलेला आहे आणि वाचलेला समजून लिहिला. ही चूक माझी. पुस्तकात त्या पावसाळ्याविषयी एकच वाक्य आहे : 'त्या पावसाळ्यात रस्ते बंद होते.' मी ते वाचलं नव्हतं, नुसती त्याच्यावरून गेले होते. तुम्ही थांबून वाचावं."

बस. बाळाविषयी एक अक्षर नाही.

"हे बरं," इंद्रजित पेपर खाली ठेवत म्हणाला. मग जरा वेळानं, "पन हे आयकलेलं खरं व्हतं का खोटं?"

तिनं पुन्हा झाडू उचलला.

दुपारी दुकान उघडल्यावर दीपाचा मेसेज आला : "आत्याबाईनं वाचलं. पेपर घडी करून पुस्तकात ठेवला, त्या पानात." एवढंच. रुपालीनं तो पुन्हा पुन्हा वाचला. माफी होती की नुसती खूण, तिला उलगडेना. पोडावरून तर काहीच आलं नाही. रुपीबाई कापसात वाकली असेल. तिला हे दुसरं कोणी वाचून दाखवलं असेल का? तिनं पुन्हा वाच म्हटलं असेल का? फोन हातात घ्यावा, सलोनीचा नंबर मागावा, असं दहादा वाटलं. दहाही वेळा तिनं फोन पालथा ठेवला.

तोच तो वाजला.

"रुपालीताई! देवीलाल बोलतो. म्हनजे पास झालो ना मी?"

"झाले काका. पहिल्या नंबरानं."

"बायकोले वाचून दाखवलं. म्हतलं, पाह्य, माह्या हातून कागद निसटत नाही." ते हसले, मग खाकरले. "ते वाक्यही वाचलं मी. थांबून वाचलं, तुम्ही म्हतलं तसं. ताई, तेव्हापासून एक घोर लागला. आता हे पुस्तकात नाही, मान्य. पन त्या लेकराचं पुढं काय झालं? कवढं असन ते आज? तुम्ही आयकलं व्हतं म्हनता, मंग तुमाले माहीत असन."

रुपालीनं बाहेर पाहिलं. स्टँडवर पांढरकवड्याची गाडी लागत होती, बाया गाठोडी घेऊन दाराशी लोटत होत्या.

"पुस्तकात नाही काका ते," ती म्हणाली.

"पुस्तकाचं नाही इचारत मी. तुमच्या कानाचं इचारतो."

गाडीनं हॉर्न दिला. रुपालीनं फोन दुसऱ्या कानाला घेतला, मग पुन्हा पहिल्या.

"कानात तं..." ती म्हणाली. "कानात तं रडूनच राह्यलं काका, अजूनही."